भैयासाहेबांचे पान पडद्यावर

प्राध्यापक यशवंतराव महाडिक देवासच्या चर्चासत्रात स्लाइड न दाखवता नुसतं बोलणार आहेत, ही बातमी धारमध्ये त्यांनी स्वतःच पसरवली. दुसऱ्या कुणी पसरवली असती तर शोभलं असतं, पण तेवढा रस दुसऱ्या कुणाला नव्हता.

"विचार असेल तर पडदा कशाला?" असं ते स्टाफरूममध्ये म्हणाले. हे वाक्य राजवर्धनच्या दिशेने होतं. राजवर्धन त्यांचा इतिहासातला तरुण सहकारी. तो दरवर्षी कुठे ना कुठे मांडूवर बोलतो, म्हणजे महालांचे फोटो एकामागून एक दाखवतो आणि मध्ये मध्ये "आणि हा पाहा" असं म्हणतो. त्यावर त्याला टाळ्या, शाल आणि श्रीफळ मिळतं. यशवंतरावांना या गोष्टीचं मुळीच वाईट वाटत नसे, असं ते अनेकांना अनेकदा सांगत.

यशवंतरावांचा विषय होता 'माळव्यातील मराठी घरांतील पानवाढप: सातत्य आणि बदल'. आता हा विषय ऐकून हसू येतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यात जीव होता. पवार सरदारांबरोबर महाराष्ट्रातून इकडे आलेल्या घरांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या पातळ होत गेली, घरात हिंदी आली, माळवी आली, ताटात डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे बाफले आले, लग्नात पाणीपुरीचे ठेले लागले. पण जेवायचं पान वाढताना वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, हा क्रम कुणी मोडला नाही. बाफला आला तोही निमूटपणे उजवीकडे जाऊन बसला, चटणीने आपली डावी बाजू सोडली नाही. हे सिद्ध करायला यशवंतराव धारपासून थेट डही गावापर्यंत लग्नं, मुंजी आणि बारशी खात हिंडले होते. पंगतीत ते दुसऱ्यांच्या पानात डोकावून बघत. यजमानांना वाटे, सरांना काही वाढायचं राहिलंय, आणि ते त्यांना आणखी एक बाफला वाढत. संशोधनासाठी माणसाने किती सोसावं याला मर्यादा आहे, पण ती अजून यशवंतरावांच्या पँटच्या बटणाशिवाय कुणी दाखवून दिली नव्हती.

घरी या संशोधनाला मान नव्हता. त्यांची बायको अल्पना बँकेत अधिकारी. तिने निबंधाचं नाव वाचलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही आयुष्यात कधी कुणाला भात तरी वाढलाय का?"

"क्रिकेटवर लिहिणारे सगळे बॅटिंग करतात का?" यशवंतराव म्हणाले. पण ते लागलं.

त्याहून जास्त लागलं ते भोपाळहून आलेलं पत्र. यशवंतरावांच्या सत्राचे अध्यक्ष डॉ. सक्सेना यांनी निबंधाचा सारांश वाचून अभिप्राय पाठवला होता: माळव्यातल्या मराठी तरुणांना आज मराठी धड वाचता येत नाही, तिथे पानवाढपाचा क्रम टिकला आहे हे म्हणणं भावुकपणाचं वाटतं, याला पुरावा काय? पुरावा पटला तरच निबंध छापील ग्रंथात येणार होता.

यशवंतरावांना राग आला, कारण त्यांना मनातून तीच भीती होती. त्यांची एकुलती एक लेक प्रियांका इंदूरला शिकत होती. त्यांनी मोठ्या हौसेने तिला निबंध वाचायला दिला होता. तिने पहिलं पान बोट फिरवत वाचलं आणि निबंध परत केला. "पप्पा, मस्त आहे. पण मराठी वाचायला ना यार, खूप टाइम लागतो. आणि हे 'सातत्य' मंजे क्या?" यशवंतरावांनी निबंध पुन्हा फाइलीत घातला. सातत्यावर निबंध लिहिणाऱ्याच्या घरातच सातत्याचा अर्थ विचारला जातो, यावर बोलण्यासारखं काही नसतं. डॉ. सक्सेनांनी पुरावा मागितला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर प्रियांकाच आली, आणि ती उलट बाजूचा पुरावा म्हणून आली.

असो. स्लाइड दाखवायची नाही हे ठरलं होतं आणि ते ठरलेलंच राहिलं असतं, पण रजा लागते. महाविद्यालयाच्या ऑफिसातले हर्षित बाबू अर्ज वाचून म्हणाले, "सर, इसमें तो सब खाना-खाना लिखा है. ड्यूटी लीव कैसे दूँ? कॅज्युअल ले लो." यशवंतरावांनी पानवाढपाचं समाजशास्त्रीय महत्त्व समजावून सांगितलं. हर्षित बाबूंनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वो तो ठीक है सर, पर स्लाइड-विलाइड का प्रिंट लगा दो. देखने में अकॅडमिक लगेगा."

त्याच संध्याकाळी देवासहून फोन आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं की देवासला पूर्वी एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं गेली, पण सवय जाता जाता जाते. चर्चासत्राला संयोजकही दोन होते. फोनवर होते संयोजक संताजीराव फाळके. "महाडिक सर, स्लाइड कंपल्सरी आहेत बरं का. नुसतं बोलणाऱ्याला आम्ही स्लॉट देत नाही. गेल्या साली एकजण नुसतंच बोलला, संपेचना."

यशवंतरावांनी नाइलाजाने होकार दिला. तत्त्वाचा माणूस तत्त्व सोडतो तेव्हा त्याला नाइलाज म्हणतात.

आता स्लाइड करायच्या तर किती आणि कशा, हा प्रश्न कॉलनीत चर्चेला आला. समोरचे बळवंतराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. सल्ला देण्याचं काम त्यांनी निवृत्तीनंतरही चालूच ठेवलं होतं. ते चहाला येऊन बसले.

"यशवंतराव, ऐका. माणूस बोलतो ते हवेत जातं, पडद्यावर दिसतं ते शास्त्र होतं. साधी गोष्ट घ्या. चटणी डावीकडे असते, असं तुम्ही म्हणालात तर लोक म्हणतील, असेल. पण पडद्यावर बाण काढून 'चटणी' असं लिहिलंत तर लोक लिहून घेतील."

"पण वीज गेली तर?"

"जाणारच!" बळवंतराव अभिमानाने म्हणाले. "म्हणून सगळ्या स्लाइड छापून न्यायच्या. आणि एक मोठा फ्लेक्स करून न्यायचा, टाचण्यांनी भिंतीवर लावायचा. आणि टाचण्या विसरलात तर दोन माणसं न्यायची, धरायला." दोन माणसांपैकी एक ते स्वतः असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हा प्रकरण मोनू भियांकडे गेलं. मोनू भिया म्हणजे चौकातल्या फोटो स्टुडिओचे मालक. लग्नं, वाढदिवस, निवडणुकांचे फ्लेक्स, धामनोदपर्यंतच्या ढाब्यांच्या पाट्या, सगळं तेच करत. "टेंशन मत लो सर," ते म्हणाले. "अपन ने तो पूरे हाईवे के ढाबे चमका दिए, तुम्हारी थाली क्या चीज है!" पुढच्या भेटीत यशवंतरावांनी पाहिलं तर स्लाइडची जत्रा झाली होती. प्रत्येक स्लाइडला झेंडूची झालर होती. लिंबू चमकत चमकत येत होतं. कोशिंबीर पडद्याच्या एका कोपऱ्यातून धावत येऊन आपल्या जागी बसत होती आणि तिच्यामागे सनई वाजत होती.

"सनई कशाला?" यशवंतरावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"सर, शुभ काम है."

सनई राहिली. यशवंतराव प्रिंट घेऊन ऑफिसात गेले, हर्षित बाबूंनी ते रंगीत कागद उलटसुलट करून बघितले आणि ड्यूटी लीव मंजूर झाली. त्यांना बरं वाटलं. पण बरं वाटून घ्यायला त्यांनी थोडी घाई केली, कारण लगेच देवासचा दुसरा फोन आला. दुसऱ्या संयोजक विनीता मॅडम बोलत होत्या. "महाडिक सर, प्लीज, स्लाइड आणू नका हं. फाळके सर सगळ्यांना स्लाइड आणायला सांगताहेत, आणि एवढ्या स्लाइड दाखवत बसलं तर जेवणाला रात्र होईल. मी निर्णय घेतलाय, स्लाइड बंद."

"पण फाळके सर तर..."

"त्यांचं ते बघतील," विनीता मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

यशवंतरावांनी मग फाळक्यांना फोन केला. फाळके म्हणाले, त्यांचं ते बघतील. असं दोनदा झालं. स्लाइड न्यावी तर एक पाती रागावणार, न न्यावी तर दुसरी. अखेर अल्पनाच म्हणाली, "मग एकच न्या. एक म्हणजे आहे पण आणि नाही पण." यशवंतरावांना हा तोडगा इतका आवडला की पुढे त्यांनी तो स्वतःचाच म्हणून सगळीकडे सांगितला.

कोणती स्लाइड, याबद्दल मात्र वाद नव्हता. देवासचे भैयासाहेब म्हणजे वय ऐंशीच्या पुढे, जुन्या घराण्यातले, चर्चासत्राचे प्रमुख पाहुणे. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला यशवंतराव जेवायला गेले होते, आणि भैयासाहेबांच्या पुढ्यातल्या पानाचा त्यांनी फोटो काढला होता. इतकं देखणं, इतकं बिनचूक पान त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं. तो फोटो मोनू भियांकडे गेला, त्यावर मथळा चढला, खाली यशवंतरावांचं नाव आलं. यशवंतराव स्लाइड तपासायला गेले आणि विद्वानांच्या रीतीप्रमाणे त्यांनी फक्त आपलं नाव तपासलं. 'प्रा. डॉ.' दोन्ही होतं. ते समाधानाने परत आले.

"बघू तरी," अल्पना म्हणाली.

"चर्चासत्रात बघ," यशवंतराव म्हणाले. भात वाढण्याचा तो प्रश्न त्यांच्या अजून मनात होता.

चर्चासत्राच्या दिवशी अल्पना गाडी चालवत होती, बळवंतराव मागे बसले होते आणि इंदूरहून प्रियांका चढली. सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत भैयासाहेब पांढऱ्या पगडीत, शेजारी अध्यक्ष डॉ. सक्सेना, मागे प्राध्यापक, आणि शेवटच्या रांगांत विद्यार्थी. हे विद्यार्थी आसपासच्या मराठी घरांतले. मोबाइल हातात घेऊन ते संस्कृतीची वाट बघत बसले होते. यशवंतरावांची पाळी जेवणाच्या आधीची, म्हणजे ज्या वेळी माणसाला जेवणावर ऐकण्याची इच्छा सगळ्यांत जास्त आणि सहनशक्ती सगळ्यांत कमी असते. त्यात बाहेरच्या मांडवातून बाफल्यांच्या तुपाचा वास आत येत होता.

यशवंतराव बोलायला उभे राहिले. सुरुवात बरी झाली. पण डॉ. सक्सेना मान खाली घालून काहीतरी लिहीत होते, आणि मागच्या रांगेत एकाही मुलाने मान वर केली नव्हती. प्रियांकासुद्धा खालीच बघत होती. सक्सेना म्हणतात ते खरंच आहे, असं यशवंतरावांना आता वाटू लागलं. यांना काय पडलंय मीठ कुठे नि चटणी कुठे याचं? मग त्यांनी उसनं अवसान आणून जाहीर केलं, "मंडळी, पुरावा मागितला गेला होता. पुरावा पडद्यावर आहे. हे आपल्या आदरणीय भैयासाहेबांचं पान." आणि त्यांनी बटण दाबलं.

सनई वाजली. एक भलं मोठं पान गरगर फिरत पडद्यावर आलं आणि स्थिरावलं.

सभागृहातून "अगंबाई" आणि "अरे राम" असा एकच आवाज उठला. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी तोंडावर हात ठेवला. शेवटच्या रांगेतले मोबाइल खाली आले, चार-पाच मुलं उठून उभी राहिली, आणि सगळ्यांच्या वरून एक आवाज आला.

"पप्पा! उलटं आहे! बंद करा ना, पप्पा, बंद करा!"

ती प्रियांका होती. ती खुर्चीवर चढून उभी राहिली होती.

यशवंतरावांनी मागे वळून पाहिलं. चटणी, कोशिंबीर, लिंबू उजवीकडे होतं. भाजी आणि बाफला डावीकडे. मोनू भियांना मथळा डावीकडे बसवायचा होता, तेव्हा त्यांनी फोटो आरशातल्यासारखा उलटा करून टाकला होता. त्यांच्या मते ताट हे ताटच असतं. पण मराठी घरात असं उलटं पान एकाच प्रसंगी वाढतात, आणि त्या प्रसंगी ज्याचं पान असतं तो जेवायला स्वतः येत नाही.

भैयासाहेब तर समोरच बसले होते.

यशवंतरावांनी घाईघाईने बटण दाबलं. सनई पुन्हा वाजली आणि श्राद्धाचं पान पुन्हा गरगरत आलं. त्यांनी आणखी एकदा दाबलं. पान आणखी एकदा आलं. "अहो, किती वेळा वाढताय!" अल्पना ओरडली. विनीता मॅडम "मी सांगत होते स्लाइड नको" म्हणत तारेकडे धावल्या, फाळके "थांबा, मी बंद करतो" म्हणत धावले, आणि दोघांनी मिळून तार ओढली. पडदा अंधारला. बळवंतरावांना तेवढ्यातही छापील प्रत वर करून दाखवायची सुबुद्धी झाली. त्यातही पान उलटंच होतं.

भैयासाहेबांनी सावकाश चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "यशवंतराव, आम्हांस जिवंतपणींच पोचतें केलेंत की हो!" आणि मग पगडी हलेपर्यंत हसले. ते हसले तेव्हा सगळं सभागृह हसलं. फक्त यशवंतरावांना हसू येईना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

"एक मिनिट," डॉ. सक्सेना म्हणाले. ते चारी बाजूंना बघत होते. "हुआ क्या? मुझे तो सिर्फ थाली दिखी. आप सब खड़े क्यों हो गए?"

यशवंतरावांच्या डोक्यात हळूहळू उजाडत होतं. त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्या माना वर होत्या.

"सर," ते सक्सेनांना म्हणाले, "मेरे बदले आप इनसे पूछिए."

सक्सेनांनी मागे उभ्या असलेल्या एका मुलीला विचारलं. तिचं नाव अंजू, ती डहीची. तिला मराठी वाचायला येतं का? "नहीं सर, अटक-अटक के." मग पान उलटं आहे हे कसं कळलं, कुणी शिकवलं?

अंजू गोंधळली. "सिखाया किसी ने नहीं सर. पर चटणी उधर थी ना. देखते ही पेट में कैसा तो हो गया." शेजारचा मुलगा म्हणाला, त्याच्याही पोटात तसंच झालं. मग हात वर येऊ लागले. ज्यांना मराठीत चार ओळी लिहिता आल्या नसत्या, त्या सगळ्यांना एका क्षणात दिसलं होतं की पान मेलेल्या माणसाचं आहे. आणि खुर्चीवर चढून ओरडणारी तर यशवंतरावांची स्वतःची लेक होती.

डॉ. सक्सेनांनी पेन खिशाला लावलं. "महाडिक साहब, मैंने सबूत माँगा था. आपने तो पूरा हॉल खड़ा कर दिया. मैं अपनी बात वापस लेता हूँ, और यह पेपर किताब में सबसे पहले छपेगा."

टाळ्या झाल्या. यशवंतरावांनी चूक मुद्दाम केली होती का, असं कुणी पुढे विचारलं तर ते छताकडे बघून सूचक हसतात. पण त्या वेळी त्यांचे डोळे भरले होते आणि ते भरलेच असं मान्य करायला हवं.

"तें सर्व ठीक," भैयासाहेब म्हणाले. "पण आतां सुलटें वाढा. पान सुलटें झाल्याशिवाय आम्ही येथून उठणार नाहीं."

मांडवातून पत्रावळ आली, पातेली आली. आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणाला भात वाढला नव्हता, त्याने भर सभागृहात भैयासाहेबांसमोर पान मांडायला घेतलं. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू. कोशिंबीर जरा कुठे उजवीकडे सरकली की सभागृह एकमुखाने ओरडत होतं, "डावीकडे!" मग पापड कुठे, यावर थोरल्या आणि धाकट्या पातीत जुना वाद निघाला. दोन्हीकडच्या बायका पुढे आल्या, फाळके आणि विनीता मॅडम त्यांत शिरले, आणि राजवर्धन, ज्याच्या मांडूला इथेही जेवणानंतरचा अर्धा दिवस राखून ठेवला होता, तोसुद्धा आपल्या आईकडे पापड कुठे असतो ते सांगू लागला. सत्राची वेळ कधीच संपली होती. कुणी उठेना. डॉ. सक्सेना सगळ्यांना विचारून विचारून लिहून घेत होते.

शेवटी भात पडला, वर वरण आणि तूप. भैयासाहेबांनी पान डोळे भरून बघितलं. "आतां जगतों काहीं वर्षें," ते म्हणाले, आणि सभागृहाने अशा टाळ्या वाजवल्या की मांडवातले वाढपी काय झालं म्हणून बघायला आले.

परतीच्या वाटेवर अल्पना गाडी चालवत होती. बळवंतराव मागच्या सीटवर बाफल्यांच्या झोपेत होते. यशवंतराव खिडकीबाहेरच्या ढाब्यांच्या पाट्या वाचत होते.

"पप्पा," प्रियांका मागून म्हणाली. "पेपर आहे ना जवळ? वाचा ना. मला वाचायला टाइम लागतो, तुम्ही वाचा, मी ऐकते."

यशवंतरावांनी निबंध काढला, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिला परिच्छेद तिने ऐकून घेतला. दुसऱ्यात मिठानंतर काय वाढतात ते यायचं होतं. ते ओळ पूर्ण करायच्या आत ती म्हणाली, "लिंबू." मग ते पुढे वाचत गेले आणि ती प्रत्येक वेळी त्यांच्या आधीच सांगत गेली, आणि एकदाही चुकली नाही.